जुने तारेचे थर्मोस्टॅट होम ऑटोमेशनला जोडताना

जुन्या थर्मोस्टॅटचे, म्हणजे खोलीचे तापमान पाहून उष्णता सुरू-बंद करणाऱ्या भिंतीवरच्या संचाचे, झाकण बहुधा नुसत्या बोटांनी निघते. ते काढले की आत पितळी स्क्रूंची एक रांग दिसते, प्रत्येक स्क्रूशेजारी एखादे अक्षर छापलेले असते आणि भिंतीतून आलेल्या दोन, चार किंवा पाच बारीक तारा त्या स्क्रूंखाली वळवून बसवलेल्या असतात. आमच्या घरातले झाकण मी पहिल्यांदा काढले, तेव्हा हे सगळे काढून टाकून वायफायवर चालणारा नवा संच बसवायचा, असे ठरवूनच स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला होता. प्रत्यक्षात मी तसे केले नाही. जुना थर्मोस्टॅट भिंतीवरच ठेवून त्याला घरातल्या सर्व्हरशी, म्हणजे घरातली उपकरणे सांभाळणाऱ्या संगणकाशी, जोडण्याचा मार्ग मी निवडला, आणि तो करताना जे कळले ते अशाच कामाला हात घालणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

थर्मोस्टॅटच्या तारेचे काम मुळात फार छोटे आहे. विस्कॉन्सिनमधले शिक्षक वॉरन जॉन्सन यांनी १८८३ साली विजेवर चालणाऱ्या खोलीतल्या थर्मोस्टॅटचे पेटंट घेतले. त्यांच्या सुरुवातीच्या मांडणीत वर्गातले तापमान बदलले की तळघरात घंटा वाजे आणि तिथला माणूस उष्णता कमीजास्त करी. घंटा गेली, माणूस गेला, पण तारेवरून जाणारा निरोप आजही तोच आहे: ‘उष्णता हवी’ किंवा ‘आता पुरे’. हा निरोप कधी द्यायचा, हे भिंतीवरचा संच स्वतः ठरवतो. ते ठरवायला त्याला इंटरनेट लागत नाही, सर्व्हर लागत नाही, कुणाचे खाते लागत नाही. २०११ आणि २०१२ साली आलेल्या, इंटरनेटला जोडलेल्या नेस्ट थर्मोस्टॅटच्या पहिल्या दोन पिढ्यांचा ऑनलाइन आधार गूगलने ऑक्टोबर २०२५मध्ये थांबवला. ती उपकरणे भिंतीवर हाताने चालतात, पण फोनवरून नाही. याउलट हेन्री ड्रायफस यांनी आकार दिलेला, १९५३ साली बाजारात आलेला हनीवेलचा गोल थर्मोस्टॅट कित्येक भिंतींवर अजून आपले काम करतो. म्हणूनच माझे मत असे बनले आहे की निर्णय थर्मोस्टॅटनेच घ्यावा, संगणकाने फक्त त्याला सांगावे आणि त्याचे ऐकावे. पुढची सारी जोडणी मी याच एका कसोटीवर तपासली आहे.

कामाची सुरुवात मात्र विद्युतदाब मोजणाऱ्या मल्टीमीटरनेच करावी लागते, कारण भिंतीतून आलेल्या तारा दिसायला सारख्या असल्या तरी त्यांच्यातला विद्युतदाब सारखा नसतो. विजेच्या भिंतीलगतच्या हीटरांचे थर्मोस्टॅट थेट मुख्य पुरवठ्यावर, म्हणजे १२० ते २४० व्होल्टवर चालतात. त्यांच्या तारा जाड असतात आणि त्या ठिकाणी इथे लिहिलेले काहीही करून पाहू नये. ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचे. दुसरा, उत्तर अमेरिकेत सर्वत्र आढळणारा प्रकार २४ व्होल्ट एसी, म्हणजे प्रत्यावर्ती विजेचा. त्यात एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, बहुधा ४० व्होल्ट-अँपिअरचा, म्हणजे जेमतेम १.६७ अँपिअर पुरवणारा. ‘आर’ ही पुरवठ्याची तार, ‘डब्ल्यू’ उष्णतेची, ‘वाय’ कॉम्प्रेसरची, ‘जी’ पंख्याची आणि ‘सी’ परतीची. ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ एकमेकांना जोडले की उष्णता सुरू होते, इतके ते साधे आहे. बॉयलरकडे जाणाऱ्या जोडणीत काही ठिकाणी नुसता दाबविरहित संपर्क असतो, तर काही ठिकाणी त्याच दोन स्क्रूंवर २३० व्होल्ट येतात. झाकणावरच्या चित्रावर विश्वास न ठेवता मोजून पाहणे म्हणूनच अनिवार्य आहे. गॅसच्या काही शेगड्यांमध्ये तर ज्योतीच्या उष्णतेवरच तयार होणारे सुमारे ७५० मिलिव्होल्ट एवढाच दाब असतो. तिथे संपर्काचा किंचितसा गंज किंवा जास्त लांबीची तारही पुरेशी होते आणि झडप उघडत नाही, त्यामुळे कोणताही हाती लागलेला रिले, म्हणजे विजेने उघडझाप होणारा स्विच, तिथे चालत नाही.

आमच्याकडे दोन पिढ्यांचे थर्मोस्टॅट होते: एक पूर्णपणे यांत्रिक आणि दोन, संगणकाशी बोलू शकतील असे, पण कधीच न जोडलेले. आधी यांत्रिकाविषयी.

त्याच्या आत दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळी आणि तिच्या टोकाला पाऱ्याची काचेची कुपी होती. अशी कुपी फोडू नये आणि कचऱ्यात टाकू नये, हे सांगून पुढे जातो. अशा थर्मोस्टॅटला काही ‘सांगण्याची’ सोयच नसते, म्हणून पहिला विचार येतो तो त्याचा संपर्क मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे एका चिपवरच्या छोट्या संगणकाला, जोडून यंत्र रिलेने चालवण्याचा. यात एक सूक्ष्म अडचण आहे, जी मला बरीच उशिरा समजली. जुन्या यांत्रिक थर्मोस्टॅटमध्ये एक बारीक रोधक बसवलेला असतो. गॅसच्या झडपेकडे जाणारा प्रवाह त्यातून जातो, रोधक किंचित तापतो आणि पट्टीला खोली प्रत्यक्ष आहे त्यापेक्षा थोडी अधिक उबदार भासते. त्यामुळे संच वेळेच्या जरा आधीच बंद होतो आणि रेडिएटरमध्ये उरलेली उष्णता खोलीला नेमक्या तापमानावर आणून सोडते. त्या रोधकावर एक छोटी सरकती पट्टी असते आणि तिच्यावर ०.४ अँपिअरसारखे आकडे लिहिलेले असतात. ती झडपेच्या प्रवाहाशी जुळवायची असते. आता झडप काढून तिथे मायक्रोकंट्रोलरची इनपुट जोडली, तर काही मिलिअँपिअरच प्रवाह जातो, रोधक तापत नाही आणि खोली ठरवलेल्या तापमानाच्या पुढे निघून जाते. थर्मोस्टॅट बिघडला असे वाटते, पण बिघडवलेला आपणच असतो.

म्हणून मूळ जोडणी तशीच ठेवून मी तिच्याकडे फक्त लक्ष ठेवायचे ठरवले. ‘डब्ल्यू’ आणि ‘सी’ यांच्यामध्ये रोधकासह एक ऑप्टोकपलर, म्हणजे प्रकाशातून निरोप पलीकडे देणारा भाग, जोडला. त्याच्या प्रकाशाच्या बाजूला २४ व्होल्ट एसी आणि दुसऱ्या बाजूला ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरची इनपुट, दोहोंमध्ये विजेचा कोणताही थेट संबंध नाही. पहिल्या दिवशी सर्व्हरच्या नोंदीत उष्णता दर सेकंदाला पन्नाससाठ वेळा सुरू आणि बंद होताना दिसली. यात चूक काहीच नव्हती, एसीच्या लहरीचा एकच अर्धा भाग प्रकाश पेटवतो, तेव्हा प्रत्येक आवर्तनात इनपुट एकदा लागणार आणि एकदा सुटणारच. ईएसपीहोम या, ईएसपी३२साठीच्या प्रोग्रॅममध्ये ‘सुटल्यावर १०० मिलिसेकंद थांबून मगच बंद मान’ अशी एक ओळ लिहिली की नोंद स्वच्छ होते. एवढ्यावरच मला त्या खोलीच्या उष्णतेचा दिवसभराचा आलेख मिळू लागला, आणि खरे सांगायचे तर यांत्रिक थर्मोस्टॅटसाठी एवढेच पुरेसे आहे.

ज्यांना त्यावरही नियंत्रण हवे असेल त्यांनी रिले थर्मोस्टॅटच्या जागी न लावता त्याला समांतर लावावा. भिंतीवरची खूण १२ अंश सेल्सिअसवर ठेवायची आणि त्यावरचे तापमान रिलेकडे द्यायचे. सर्व्हर बंद पडला तरी घर १२ अंशांच्या खाली जात नाही आणि पाण्याचे नळ गोठत नाहीत. उलट धोका रिले चिकटून बसण्याचा असतो. त्यासाठी रिलेच्या ओळीतच दुसरा यांत्रिक थर्मोस्टॅट, समजा २६ अंशांवर ठेवून, जोडावा. दोन स्वस्त, मुक्या यंत्रांच्या मध्ये संगणकाला कोंडून ठेवण्याची ही पद्धत मला फार विश्वासार्ह वाटते. कॉम्प्रेसरच्या बाबतीत मात्र ती तशीच उचलू नये. तो थांबल्यावर आतला दाब समान व्हायला काही मिनिटे लागतात आणि सुमारे पाच मिनिटांच्या आत तो पुन्हा सुरू करणे टाळावे लागते. ही थांबण्याची सोय डिजिटल थर्मोस्टॅटमध्ये असते, आपल्या रिलेत नसते. ती लिहिताना मोजणी मायक्रोकंट्रोलर सुरू झाल्याच्या क्षणापासूनही व्हायला हवी, कारण वीज जाऊन लगेच आली तर त्याला आधीचे काहीच आठवत नाही.

आता खरा विषय, म्हणजे बोलू शकणारे थर्मोस्टॅट. वायफाय घरोघरी पोहोचण्याच्या आधीच्या काळात असे संच बरेच निघाले होते. त्यांच्या मागच्या बाजूला नेहमीच्या स्क्रूंखेरीज आणखी दोन किंवा तीन स्क्रू असतात आणि त्यांवर ‘ए’ आणि ‘बी’, किंवा अधिक आणि उणे अशा खुणा असतात. ही आरएस-४८५ जोडणी. हे मानक १९८३ सालचे आहे आणि आजही कारखान्यांत सर्रास वापरात आहे. दोन पिळलेल्या तारांवर एकमेकांविरुद्ध दाब ठेवला जातो आणि ऐकणारा त्यांतला फरक पाहतो. हा फरक २०० मिलिव्होल्टपेक्षा जास्त असला की एक किंवा शून्य निश्चित कळते. दोन्ही तारांवर बाहेरून सारखाच गोंगाट आला तर फरक तोच राहतो, आणि म्हणूनच या तारा गोंगाट असलेल्या ठिकाणीही शेकडो मीटर निरोप नेतात.

घरातल्या तारांची मांडणी मात्र मानकाला हवी तशी नसते. आरएस-४८५ला एकापाठोपाठ एक अशी साखळी हवी असते, तर भिंतींतल्या तारा प्रत्येक थर्मोस्टॅटपासून थेट यंत्राच्या खोलीत येतात, म्हणजे ताऱ्यासारख्या पसरलेल्या असतात. मीही आधी यावरून काळजीत पडलो आणि मग हिशेब केला. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट या गतीला, एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकते. २० मीटरच्या फांदीच्या टोकावरून परावर्तन होऊन परत यायला सुमारे ०.२ मायक्रोसेकंद लागतो. बिटच्या मध्यावर वाचन होईपर्यंत ते परावर्तन कधीच विरून गेलेले असते. तेव्हा इतक्या संथ गतीला आणि इतक्या कमी अंतराला ताऱ्याची मांडणी चालून जाते. याच कारणासाठी दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक लावण्याचा सर्वत्र आढळणारा सल्ला मी पाळला नाही. ते लावले की दोन्ही मिळून ६० ओहम होतात आणि कुणीच बोलत नसताना तारांमधला फरक जवळजवळ शून्यावर येतो. या तारा सर्व्हरला जोडणाऱ्या माझ्या यूएसबी अडॅप्टरवर तार स्थिर ठेवणारे रोधक ४.७ किलोओहमचे होते. पाच व्होल्टवर ६० ओहमसह त्यांतून जेमतेम ३२ मिलिव्होल्टचा फरक मिळतो, तर हवे असतात २००. मग शांततेतही ऐकणाऱ्याला अक्षरे ऐकू आल्याचा भास होतो आणि नोंदीत निरर्थक चिन्हे साठत जातात.

‘ए’ आणि ‘बी’च्या बाबतीत एक गोष्ट आधीच माहीत असावी: ही अक्षरे सगळे उत्पादक एकाच अर्थाने वापरत नाहीत. माझ्या पहिल्या प्रयत्नात थर्मोस्टॅटवरचा ‘ए’ अडॅप्टरच्या ‘ए’ला जोडला होता. मी प्रश्न पाठवत होतो आणि उत्तर येत नव्हते, पण अधूनमधून एखादे विचित्र चिन्ह मात्र येई. संध्याकाळभर मी बॉड बदलून पाहिले, ३०० बॉडपर्यंत खाली गेलो, कारण काही जुने संच तेवढ्या संथ गतीनेही बोलतात. शेवटी दोन तारांची अदलाबदल केली आणि पहिल्याच प्रश्नाला तापमानाचा आकडा परत आला. या अदलाबदलीने काहीही जळत नाही, म्हणून ती सर्वांत आधी करून पाहावी. तिसऱ्या, समान संदर्भाच्या तारेचा कंटाळा करू नये. दोन उपकरणांच्या शून्यांमध्ये फार फरक पडला तर ऐकणारा, मानकाने दिलेल्या उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या मर्यादेबाहेर जातो आणि मग जोडणी कधी चालते, कधी चालत नाही.

प्रत्येक थर्मोस्टॅटला स्वतःचा पत्ता लागतो आणि कारखान्यातून निघताना तो बहुधा सर्वांचा एकच असतो. दोन संच एकदम जोडले तर दोघेही एकाच वेळी उत्तर देतात आणि कुणाचेच कळत नाही. एकेक जोडून पत्ता बदलावा आणि तो झाकणाच्या आत पेन्सिलीने लिहून ठेवावा. सर्व्हरच्या बाजूनेही तारेशी एकच प्रोग्रॅम बोलावा. ही तार अर्धद्विमार्गी आहे, एका वेळी एकच बोलू शकतो. माझ्याकडे तपासणीसाठी उघडलेली एक खिडकी मागे राहून गेली होती आणि तिने अर्धी उत्तरे गिळली, तेव्हा मी हे शिकलो. आता एक छोटा प्रोग्रॅम दर तीस सेकंदांनी दोन्ही थर्मोस्टॅटना विचारतो आणि उत्तरे एमक्यूटीटीवर, म्हणजे उपकरणांमधल्या निरोपांच्या देवाणघेवाणीच्या पद्धतीवर, ठेवतो. सर्व्हरवरचा होम असिस्टंट हा होम ऑटोमेशनचा प्रोग्रॅम तिथून वाचतो. एमक्यूटीटी १९९९ साली दूरच्या तेलवाहिन्यांवर लक्ष ठेवण्यासाठी अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तयार केले, आणि थोडक्यात निरोप, तुटक जोडणी ही त्यांची अडचण आपल्याही अडचणीशी चांगलीच जुळते.

वाचन सुरू झाले की काम संपले असे वाटते, पण सर्वांत शिकवणारी चूक पुढेच घडली. थर्मोस्टॅट पूर्ण फॅरनहाइट अंशांत बोलत होता आणि होम असिस्टंट अर्ध्या सेल्सिअस अंशांच्या टप्प्यांत. मी दोन्ही बाजू एकमेकांशी जुळत्या राहाव्यात म्हणून असे लिहिले होते की थर्मोस्टॅटवर ठरवलेले तापमान वाचून होम असिस्टंटमध्ये दाखवावे आणि तिथला आकडा थर्मोस्टॅटला पाठवावा. रात्री ७० अंश ठेवून झोपलो आणि सकाळी खोली गार वाटली. पडद्यावर ६८ होते. कुणीही हात लावला नव्हता. कागदावर पायऱ्या मांडल्यावर उलगडा झाला. ७० फॅरनहाइट म्हणजे २१.११ सेल्सिअस, ते जवळच्या अर्ध्यावर आणले की २१. परत नेताना ६९.८, आणि माझा प्रोग्रॅम अपूर्णांक नुसता कापत होता, म्हणून ६९. ६९ म्हणजे २०.५६, जवळचा अर्धा २०.५, परत नेताना ६८.९, कापून ६८. आणि ६८ म्हणजे नेमके २०, तिथे काहीच कापायला उरत नाही, म्हणून घसरण तिथेच थांबली. अपूर्णांक कापण्याऐवजी जवळच्या पूर्णांकावर आणणे ही दुरुस्ती एका शब्दाची होती, पण मी तिथेच थांबलो नाही. आता थर्मोस्टॅटकडून आलेला आकडा कधीही त्याच्याकडे परत पाठवला जात नाही. माणसाने किंवा वेळापत्रकाने खरोखर बदल केला तरच लिहिले जाते.

या नियमाचा दुसरा फायदा थर्मोस्टॅटच्या आयुष्याशी निगडित आहे. वीज गेल्यावरही सेटिंग लक्षात राहावे म्हणून बरेच संच ते ईईप्रॉम स्मृतीत लिहितात, आणि अशा स्मृतीच्या एका कप्प्याची हमी सामान्यतः सुमारे १,००,००० लेखनांची असते. माणूस दिवसातून चार वेळा बटण दाबेल असे धरले तर ती आयुष्यभर पुरते. पण ‘खात्रीसाठी’ दर पाच मिनिटांनी तोच आकडा पाठवणारा प्रोग्रॅम दिवसाला २८८ वेळा लिहितो आणि ही हमी ३४७ दिवसांत संपते. वीस वर्षे टिकलेल्या यंत्राचा एका वर्षात असा घात होऊ नये. ज्या संचांत तात्पुरते तापमान आणि कायमचे तापमान यांच्यासाठी वेगळ्या आज्ञा असतात, तिथे नेहमी तात्पुरती आज्ञाच वापरावी आणि आधी तापमान वाचून, ते वेगळे असेल तरच लिहावे.

थर्मोस्टॅटच्या आतले स्वतःचे वेळापत्रक मी पुसले नाही, हेही सांगायला हवे. बहुतेक मार्गदर्शनात ते बंद करून सगळे सर्व्हरकडे द्यायला सांगतात, म्हणजे दोघांत भांडण नको. मी आतले वेळापत्रक अगदी साधे, दिवस आणि रात्र एवढेच ठेवले आहे. सर्व्हर त्यावर तात्पुरता बदल करतो आणि तो बदल वेळापत्रकाच्या पुढच्या टप्प्याला आपोआप गळून पडतो. सर्व्हर जिवंत असेल तर तो पुन्हा आपले म्हणणे मांडतो; नसेल तर घर आपल्या जुन्या सवयीवर परत येते.

हे खरेच तसे होते का, ते मी कडक थंडीच्या एका रात्री सर्व्हरची वायर काढून पाहिले. दहाच्या सुमारास भिंतीवरचा आकडा सर्व्हरने ठेवलेल्या ७१वरून स्वतःच्या ६४वर गेला, सकाळी सहाला ६८ झाला आणि तळघरातून झडप उघडल्याचा नेहमीचा खट असा आवाज आला. सर्व्हर मी दुपारी जोडला, तोवर घरातल्या इतर कुणाला काही बंद होते हे कळलेही नव्हते. यांत्रिक थर्मोस्टॅटच्या झाकणाच्या आत आता एक कागद चिकटवलेला आहे: कोणत्या रंगाची तार कोणत्या अक्षराला, ऑप्टोकपलर कुठे, आणि तो काढायचा झाल्यास कोणते दोन स्क्रू सैल करायचे. बोलणाऱ्या दोन्ही संचांत त्यांचे पत्ते आणि बॉड लिहिले आहेत, कारण पुढच्या वेळी हे झाकण उघडणारा मीच असेन असे नाही.